कापाली चार्शीत खरेदीला जाताना

इस्तंबूलला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेतून काय निघणार, हे आता न उघडताही सांगता येते: निळ्या डोळ्यांचे मणी, फ्रिजवर चिकटवायची चुंबके, तुर्की मिठाईचे दोनचार डबे आणि ‘पश्मिना’ म्हणून घेतलेल्या शाली, ज्यांतल्या काही मुळात भारतातूनच तिकडे गेलेल्या असतात. यात गैर काहीच नाही. पण ज्यांना त्या बाजारातून हाताने घडवलेली एखादी खरी वस्तू, म्हणजे गालिचा, किलीम, चिनीमातीची थाळी किंवा तांब्याचे भांडे, पारखून आणायचे आहे आणि जे तिथे पहिल्यांदाच जात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आपण ज्याला ‘ग्रँड बझार’ म्हणतो, त्याचे तुर्की नाव कापाली चार्शी, म्हणजे झाकलेला बाजार. दुसऱ्या मेहमत सुलतानाने १४५३ मध्ये शहर जिंकले आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच मौल्यवान मालासाठी जाड दगडी भिंतींचे, घुमटांचे एक बेदेस्तान बांधायला घेतले. ‘बेदेस्तान’ हा शब्द कापडविक्या या अर्थाच्या ‘बझ्झाझ’वरून आला आहे, आणि आपल्याकडचे ‘बजाज’ हे आडनावही त्याच मुळाचे आहे. या बेदेस्तानाभोवती धंद्याधंद्याच्या गल्ल्या वाढत गेल्या, पुढे त्यांच्यावर छते चढली, आगी लागल्या, १८९४ च्या भूकंपात मोठी पडझड झाली, पुन्हा बांधकाम झाले, आणि आज तिथे साठावर गल्ल्या व सुमारे ४,००० दुकाने आहेत. तुळशीबागेत भाव पाडलेल्या, पैठणी उलटी करून पाहिलेल्या आणि सराफाला घडणावळ विचारलेल्या माणसाजवळ या बाजारात लागणारे बरेचसे ज्ञान आधीपासूनच असते. परदेशात पाऊल ठेवल्यावर तो ते विसरतो, एवढीच काय ती अडचण आहे.

निघण्यापूर्वी

काय घ्यायचे, हे घरीच ठरवावे. ‘तिथे गेल्यावर पाहू’ म्हणणारा माणूस त्या गल्ल्यांत दोन तासांत थकतो आणि शेवटी समोर येईल ते घेतो. गालिचा घ्यायचा असेल तर जिथे तो अंथरायचा त्या जागेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावी, त्या खोलीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि मोजपट्टी सोबत न्यावी. दुकानाच्या दिव्यांत साडेपाच फुटांचा गालिचा आठ फुटांचा भासतो आणि घरी आल्यावर सोफ्याखाली नाहीसा होतो.

बाजार रविवारी बंद असतो. रमझान ईदच्या आणि बकरी ईदच्या सुट्ट्यांत, तसेच २९ ऑक्टोबरच्या प्रजासत्ताक दिनीही तो बंद असतो. एरवी सकाळी साडेआठ-नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत व्यवहार चालतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काही दुकानदार जागेवर नसतात. इस्तंबूलचे तीन दिवस हातात असतील आणि त्यांतला एक रविवार असेल, तर बाजाराचा दिवस आधी ठरवून बाकीचे कार्यक्रम त्याभोवती लावावेत.

खरेदीपूर्वी डोळ्यांना सवय लावणे हा या सगळ्या तयारीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सुलतानअहमेत चौकातल्या तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात जुन्या गालिच्यांचा जो संग्रह आहे, त्यासमोर एक तास घालवावा. चिनीमातीच्या फरशांसाठी एमिनोन्यूजवळच्या रुस्तेम पाशा मशिदीत जावे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या या छोट्या मशिदीच्या भिंती इझनिक या गावी घडवलेल्या फरशांनी मढवलेल्या आहेत, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. खरा निळा, खरा फिरोजी आणि तो किंचित उंचवट्याचा प्रवाळी लाल एकदा डोळ्यांत बसला, की दुकानातल्या शंभर थाळ्यांपैकी नव्वदांकडे नजर थांबतच नाही.

पहिली फेरी: पाकीट न उघडता

टी-१ ट्रामने ‘बेयाझित-कापालीचार्शी’ किंवा ‘चेंबरलिताश’ या थांब्यावर उतरावे. नवख्याने चेंबरलिताशला उतरून नूरुओस्मानिये मशिदीच्या अंगणातून त्याच नावाच्या दरवाजाने आत शिरणे सोयीचे पडते, कारण तिथून बाजाराचा मुख्य रस्ता, काल्पाकचिलार, पश्चिमेकडे बेयाझित दरवाजापर्यंत सरळ जातो. एवढी एक सरळ रेघ मनात पक्की ठेवली, की हरवण्याची भीती उरत नाही, कारण कितीही वळणे घेतली तरी या रस्त्यावर परत येता येते. काल्पाक म्हणजे केसाळ कातड्याची टोपी. टोपीवाले कधीच गेले, आता त्या रस्त्यावर सोन्याची दुकाने झळाळतात. यालिकचिलार ही रुमालवाल्यांची गल्ली, हालिजिलार ही गालिचेवाल्यांची, तेर्लिकचिलार ही सपातावाल्यांची. पुण्याच्या तांबट आळीसारखीच ही नावे धंद्यांवरून पडली आहेत, आणि नाव राहिले, धंदा हलला, हा प्रकारही दोन्हीकडे सारखाच आहे.

मुख्य रस्त्याच्या उत्तरेला, बाजाराच्या पोटात, ते मूळचे बेदेस्तान आहे. त्याला जेवाहिर बेदेस्तान म्हणतात, म्हणजे आपले जवाहीर. रात्री कुलूपबंद होणारी ही इमारत पूर्वी व्यापाऱ्यांच्या ठेवींची तिजोरीही होती. आजही जुन्या वस्तू, चांदी आणि बारीक कारागिरीची दुकाने इथे आहेत, आणि इथला गोंगाट बाहेरच्यापेक्षा कमी असतो. बाजाराच्या कडांना ‘हान’ आहेत, म्हणजे मध्ये चौक आणि भोवती दोन मजले खोल्या असलेल्या जुन्या सराया. ईशान्य कोपऱ्यातला झिंजिर्ली हान पाहायला छोटा आणि देखणा आहे, तर काही हानांच्या वरच्या मजल्यांवर अजूनही चांदी ओतणारे, दागिने घडवणारे, पॉलिश करणारे कारागीर काम करताना दिसतात. खरी कारागिरी पाहायची असेल तर मुख्य रस्ता सोडून इकडे यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचे भाडे फार असते, आणि ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच किमतीत मिळवलेले असते.

या फेरीत काहीही विकत घेऊ नये. तीन दुकानांत तीच वस्तू पाहावी, प्रत्येक दुकानदाराला ‘चांगल्या आणि बऱ्या मालात फरक काय?’ एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे. जो दुकानदार स्वतःच्याच दुकानातला कमी प्रतीचा माल दाखवून त्यातली खोट समजावून देतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी परत जावे.

बोलणेचालणे

रस्त्यात ‘हिंदिस्तान?’ असे विचारून हिंदी सिनेमातल्या नटांची नावे पुकारणारे लोक भेटतील. हसून पुढे जावे. मात्र जो माणूस आपणहून मैत्री करतो, मशिदीचा रस्ता दाखवतो आणि जाता जाता ‘माझ्या चुलतभावाचे दुकान’ दाखवायला निघतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. अशा दलालांना तिथे ‘हानुतचू’ म्हणतात. त्यांचे कमिशन दुकानदार स्वतःच्या खिशातून देत नाही, हे सांगायला नको. टूरच्या गाइडने थेट बसमधून नेलेल्या दुकानालाही हाच नियम लागू आहे.

कामात असलेल्या माणसाला ‘कोलाय गेल्सिन’ म्हणावे. ‘काम सोपे जावो’ असा त्याचा अर्थ होतो, आणि उच्चार थोडा चुकला तरी समोरचा चेहरा बदलतो. दुकानातून काही न घेता निघताना ‘हायिर्ली इश्लेर’, म्हणजे ‘धंदा बरा होवो’, म्हटले की रिकाम्या हाताने निघण्याचा संकोच दोन्ही बाजूंनी संपतो. कारागिराला ‘उस्ता’ म्हणावे, तो आपला उस्तादच आहे. ओझी वाहणारा माणूस तिथेही हमालच असतो. दुकान ‘दुक्कान’ आहे आणि हिशेब ‘हेसाप’.

सकाळी लवकर जाण्याचा एक खास फायदा आहे. पहिल्या विक्रीला तिथे ‘सिफ्ताह’ म्हणतात, आणि आपल्या विक्रेत्याला भवानीचे जे महत्त्व, तेच तिथल्या व्यापाऱ्याला सिफ्ताहचे. ‘सिफ्ताह तुझ्याकडून, बेरेकेत अल्लाकडून’ असे म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे घेण्याची रीत आहे. बेरेकेत म्हणजे बरकत. पहिले गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाही, अशी वृत्ती असल्याने सकाळचा भाव जरा मऊ असू शकतो. उलट बाजूने, सकाळी उगाच भाव करून, ठरवून, मग न घेता निघून जाणे हे तिथेही तितकेच वाईट दिसते.

चहा येईल. कमरेला बारीक अशा काचेच्या छोट्या पेल्यात, बिनदुधाचा, दोन साखरेचे चौकोन शेजारी ठेवून येईल. तो घ्यावा. चहा घेतला म्हणजे खरेदी केलीच पाहिजे, असे कोणीही मानत नाही, आणि ‘नको’ म्हटले तरी कोणी रागावत नाही. सफरचंदाचा म्हणून जो गोड चहा पुढे येतो, तो मात्र मुख्यतः पर्यटकांसाठीच असतो.

गालिचा आणि किलीम

दोहोंतला फरक आधी समजून घ्यावा. गालिच्याला, म्हणजे ‘हाली’ला, गाठी मारून उभे केलेले केस असतात, तर किलीम केसांशिवाय सपाट विणलेला असतो. ज्याने येवल्याची किंवा पैठणची खरी पैठणी हातात घेतली आहे, त्याला किलीम परका वाटणार नाही, कारण दोन्हींचे नक्षीचे तंत्र एकाच जातीचे आहे. रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, आपापल्या रंगाच्या हद्दीतच मागेपुढे फिरवून नक्षी उभी केली जाते, आणि त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत. पैठणीत शेजारचे रंग एकमेकांत अडकवून घेतात, बऱ्याच किलीमांत तसे अडकवत नाहीत आणि म्हणून दोन रंगांच्या मध्ये बारीक उभ्या फटी राहतात. या फटी दोष नसून विणीचा भाग आहेत. किलीम घ्यायचा तर तो उलटा करून पाहावा. पुढची आणि मागची नक्षी जवळजवळ सारखीच दिसली पाहिजे.

गालिचाही आधी उलटाच पाहावा. हाताने गाठलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट उमटते, आणि बारकाईने पाहिले तर गाठींच्या ओळी कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ असतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल, तर तो गाठलेला गालिचा नव्हे, यंत्रपिस्तुलाने धागे टोचून वर डिंक लावलेला माल आहे. टोकाच्या झालरीकडे पाहावे. हातमागावर ती ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांचेच उरलेले टोक असते, यंत्राच्या मालाला ती नंतर शिवलेली असते. मग केस दोन अंगठ्यांनी बाजूला करून मुळाशी पाहावे. तिथे गाठ दिसली पाहिजे, आणि मुळाचा रंग टोकाच्या रंगाशी जुळला पाहिजे. टोके फिकी आणि मूळ भडक असेल, तर नव्या मालाला उन्हात किंवा रसायनात ठेवून म्हातारपण आणले असण्याचा संभव असतो. एकाच रंगात आडवे फिके-गडद पट्टे दिसले, तर मात्र घाबरू नये. लोकर वेगवेगळ्या घाण्यांत रंगवल्याची ती खूण आहे, आणि जाणकार तिला सौंदर्यच मानतात.

तुर्की गाठ ताण्याच्या दोन धाग्यांना सारखे वेढते, म्हणून ती घट्ट आणि टिकाऊ असते. किती दाट गाठी हव्यात, यावर दुकानदार बराच वेळ बोलतील. हेरेके येथील उत्तम रेशमी गालिच्यात एका सेंटिमीटरला उभ्या दहा आणि आडव्या दहा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०० गाठी असतात, म्हणजेच चौरस मीटरला दहा लाख. पण गावाकडच्या जाड लोकरीच्या गालिच्याची खुमारी गाठींच्या संख्येत नसते. तिथे लोकरीचा दर्जा आणि रंग पाहावे. नैसर्गिक रंगांची परंपरा तिथे कृत्रिम रंगांमुळे मागे पडली होती. १९८१ मध्ये पश्चिम अनातोलियाच्या खेड्यांत सुरू झालेल्या ‘दोबाग’ प्रकल्पाने ती परत उभी केली, आणि त्यानंतर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल व निळीचा निळा पुन्हा बाजारात दिसू लागले.

धाग्यांची नावे पाठ करावीत: यून म्हणजे लोकर, पामुक म्हणजे सुती, इपेक म्हणजे रेशीम. चौथा शब्द ‘फ्लोश’, म्हणजे कृत्रिम रेशीम, दुकानदार आपणहून उच्चारणार नाही. रेशमी म्हणून दाखवलेला गालिचा संशयास्पद स्वस्त असेल, तर झालरीचा नव्हे, केसांचाच एक सुटा धागा मागून जाळून दाखवायला सांगावे. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम रेशीम व सूत कागदासारखे जळतात, प्लास्टिकचा धागा वितळून गोळा होतो. प्रामाणिक दुकानदार काडेपेटी स्वतः काढतो.

एका हानाच्या वरच्या मजल्यावर पाहिलेला प्रसंग सांगतो. लाल किलीम मला आवडला होता आणि भाव विचारण्याच्या बेतात मी होतो, तेवढ्यात म्हाताऱ्या उस्तांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, चहाच्या शेजारच्या पाण्यात त्याचे टोक भिजवले आणि किलीमाच्या लालावर अंगठ्याने जोर देऊन तीनचार वेळा घासले. रुमालावर फिकट गुलाबी डाग उमटला. त्यांनी तो मला दाखवला, काही न बोलता किलीमाची घडी घातली आणि ढिगाच्या तळाशी सारली. दुसरा काढला, तो घासला, रुमाल स्वच्छ राहिला, आणि मगच त्याचा भाव सांगितला. ही ओल्या रुमालाची चाचणी प्रत्येकाने, परवानगी विचारून, करावी. रंग सुटणारा गालिचा आपल्याकडच्या पावसाळ्यात पहिल्याच जूनमध्ये फरशीवर ठसे सोडतो.

चिनी

नक्षीच्या भांड्यांना आणि फरशांना तुर्कीत ‘चिनी’च म्हणतात, आपल्या चिनीमातीसारखेच चीनच्या नावावरून. सोळाव्या शतकात इझनिकच्या कारागिरांनी या कामाचा कळस गाठला. त्यांच्या मातीत गारगोटीचे प्रमाण फार मोठे असे, आणि म्हणून पार्श्वभूमी तशी शुभ्र आणि रंग तसे खोल दिसत. सतराव्या शतकात ती परंपरा खंगली. आज बाजारात दिसणारा बहुतेक माल कुताह्या या शहराचा आहे. तो कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही, पण त्यात हाताने रंगवलेला आणि छापील असे दोन्ही असतात, आणि वेगळे करण्याचे काम आपले आहे.

एकाच नक्षीच्या दोन थाळ्या शेजारी ठेवाव्यात. फुलाची पाकळी, देठाचे वळण, कडेची रेघ दोन्हीकडे तंतोतंत एकच असेल, तर ती छपाई आहे. हाताने काढलेल्या काळ्या बाह्यरेषेची जाडी वळणावर बदलते, आणि रंग भरताना कुंचला उचलला ती जागा दिसते. मागे ‘एल यापिमी’, म्हणजे हस्तकाम, असे छापलेले असते. पण ते अक्षरच छापील असेल तर त्यावर काय विश्वास ठेवायचा! रुस्तेम पाशात पाहिलेला तो उंचवट्याचा लाल आठवून बोट फिरवावे. चांगल्या कामात लालाचा उंचवटा बोटाला जाणवतो. मग थाळी तीन बोटांवर तोलून टिचकी मारावी. खणखणीत वाजली तर बरी, बदबदली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, आणि ती विमानात मोठी होणार.

‘जेवणासाठी वापरता येईल का?’ हा प्रश्न घेण्यापूर्वी अवश्य विचारावा. शोभेच्या भांड्यांच्या झिलईत किंवा रंगांत शिसे असू शकते, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. चिंचेचे सार, सोलकढी, लोणचे अशा भांड्यात ठेवू नये. ‘फक्त सुक्यासाठी’ असे उत्तर मिळाले तर खुशाल घ्यावी आणि भिंतीवर लावावी.

तांबे, सोने, दिवे आणि बाकी

तांब्याची जुनी दुकाने बेयाझितच्या बाजूला, बाजाराच्या भिंतीबाहेरही आहेत. मठारकाम ओळखण्याची रीत कुठेही सारखीच: हातोडीचे ठोके सारख्या ओळीत असले तरी त्यांची खोली थोडीथोडी बदलते, यंत्राच्या ठशात ती बदलत नाही. भांडे वजनाला पाहावे, कड चिमटीत धरून जाडी पाहावी, आणि चुंबक लावावे. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटते. आतून ‘कालाय’ आहे का, ते विचारावे. हा कालाय म्हणजे आपली कल्हई, शब्दही त्याच मुळाचा. कॉफी उकळायची लांब दांड्याची जेझ्वे कल्हई असलेलीच घ्यावी. शोभेच्या तांब्यावर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लाख मारलेली असते, ते भांडे विस्तवावर ठेवायचे नसते.

सोन्यासाठी मी कोणाला तिथे पाठवणार नाही, पण जे जाणारच आहेत त्यांनी शिक्का पाहावा: २२ आयारावर (म्हणजे कॅरटवर) ९१६, १८ वर ७५०, १४ वर ५८५, आणि चांदीवर ९२५. सोन्याचा भाव भिंतीवर लावलेला असतो, घासाघीस होते ती ‘इश्चिलिक’ची, म्हणजे घडणावळीची. वजन आपल्यासमोर करून घ्यावे आणि घडणावळ वेगळी लिहून मागावी. रंग बदलणारा ‘झुलतानाइट’ खडा स्वस्तात मिळत असेल, तर तो प्रयोगशाळेतला समजावा.

रंगीत काचांच्या तुकड्यांचे दिवे सगळ्यांना मोहात पाडतात. मी पहिल्याच भेटीत एक आणला आणि घरी आल्यावर लक्षात आले, की तुर्कस्तानात आट्याचे होल्डर वापरतात आणि माझ्या घरात सगळे बल्ब पिनांचे. दुकानदाराने मला विचारले नाही, मीही त्याला विचारले नाही, आणि तो दिवा दोन महिने खोक्यातच राहिला. वीजपुरवठा दोन्हीकडे २३० व्होल्टचाच असल्याने दुसरी अडचण येत नाही. होल्डर बदलून मागावा किंवा आट्याचा बल्ब घ्यावा. काचा पांढऱ्या सिमेंटसारख्या लुकणात पक्क्या बसल्या आहेत का, ते नखाने पाहावे.

‘नाझार’चे, म्हणजे दृष्ट न लागण्यासाठीचे, निळे मणी घ्यायचे तर काचेचे घ्यावेत. काच गालाला थंड लागते, प्लास्टिक लागत नाही. इझमिरजवळच्या खेड्यांत भट्टीवर केलेल्या मण्यांत बुडबुडे आणि किंचित वाकडेपणा असतो. पंचासारखे पातळ सुती ‘पेश्तेमाल’ हे माझ्या मते त्या बाजारातले सर्वांत शहाणपणाचे भेटवस्तूखाते आहे: हलके, उपयोगी, आणि दोनतीन धुण्यांनंतर अधिक पाणी शोषणारे. जुन्या पोथीच्या पानावर काढलेली लघुचित्रे घेताना हे लक्षात ठेवावे, की पान जुने असले तरी चित्र बहुधा हल्लीचे असते. कित्येकदा जुनी पुस्तके फाडूनच ही पाने मिळवलेली असतात, म्हणून मी ती घेत नाही.

भाव ठरवणे

‘सांगतील त्याच्या निम्मे म्हणा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो निरुपयोगी आहे. काही दुकाने तिप्पट सांगतात, काही जवळजवळ खरा भाव सांगतात, आणि पाटीवर ठरावीक किंमत लिहिणारीही बरीच आहेत. म्हणून पहिल्या फेरीत तीन दुकानांतून मिळालेले आकडे हाच खरा आधार. जी वस्तू घ्यायचीच नाही, तिचा भाव विचारूच नये, आणि आपण आकडा उच्चारला व समोरच्याने मान्य केला, तर ती घ्यावीच लागते, हे समजून बोलावे. ‘ने कादार?’ म्हणजे केवढ्याला. त्याने आकडा सांगितल्यावर लगेच दुसरा आकडा न फेकता वस्तूकडे परत वळावे, पाठ पाहावी, कड पाहावी. शांततेत पहिली सूट बहुतेक वेळा आपोआप येते. मग स्वतःचा आकडा एकदाच, ठामपणे आणि हसत सांगावा. दोन वस्तू एकत्र घेताना जास्त सुटते. नवरा-बायकोने दुकानात मराठीत भांडल्यास काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो.

लिराचे मोल गेल्या काही वर्षांत फार घसरल्याने मोठ्या वस्तूंचे भाव युरो किंवा डॉलरमध्येच सांगितले जातात. आकडा कोणत्या चलनातला, हे सुरुवातीलाच पक्के करून घ्यावे. पैसे बदलायची दुकाने बाजारातच आहेत आणि विमानतळापेक्षा तिथला दर सहसा बरा असतो. कार्डाने देताना यंत्राने ‘लिरा की तुमचे चलन?’ असे विचारले, तर लिराच निवडावेत. दुसरा पर्याय निवडला की दर बँकेऐवजी यंत्रवाला ठरवतो.

कागदपत्रे आणि परतीचा प्रवास

बिलावर वस्तूचे नाव, धागा किंवा धातू, माप आणि किंमत लिहून घ्यावी. ‘कार्पेट, १ नग’ एवढ्यावर भागवू नये. परदेशी प्रवाशाला ठरावीक रकमेवरच्या खरेदीचा कर परत मिळतो, मात्र दुकान त्या योजनेत असले पाहिजे आणि वेगळा फॉर्म भरून दिला पाहिजे. माल खरेदीपासून तीन महिन्यांत देशाबाहेर गेला पाहिजे, आणि विमानतळावर सामान जमा करण्यापूर्वी फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का घ्यावा लागतो. सामान पट्ट्यावरून गेल्यावर हे आठवणारे लोक दर उड्डाणाला असतात.

जुन्या वस्तूंबाबत कोणतीही हौस करू नये. १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने तुर्कस्तानातून प्राचीन वस्तू बाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे. नाणी, कोरीव दगडाचे तुकडे, फुटकी मातीची भांडी कोणी खिशातून काढून दाखवली, तर हातातही घेऊ नयेत. शंभरीचा वाटणारा गालिचा संग्रहालयाच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही, आणि तो दाखला विक्रेत्याने आणून द्यायचा असतो. ज्याला आपला गालिचा शंभर वर्षांचा असल्याची खात्री आहे, पण दाखला आणायला वेळ नाही, त्याचा गालिचा शंभर वर्षांचा नसतो. भारतात उतरताना लागणाऱ्या शुल्काच्या मर्यादा बदलत असतात. त्या निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्याव्यात आणि बिले हाताशी ठेवावीत.

गालिचा शक्यतो स्वतःच न्यावा. तिथले दुकानदार सहा फुटांचा गालिचा दाबून, दोरीने आवळून उशीएवढे गाठोडे करण्यात वाकबगार असतात. मागाहून पाठवायचा ठरलाच, तर पाठीच्या कोपऱ्यावर पेनने स्वतःची सही करावी आणि सहीसकट फोटो काढावा, म्हणजे घरी दुसराच गालिचा येणार नाही. चिनी हातातल्या पिशवीत ठेवावी, प्रत्येक थाळीला वेगळा पेश्तेमाल गुंडाळून. थाळ्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात, म्हणजे धक्का बसला तरी वरच्या थाळीचे वजन खालच्या थाळीवर येत नाही.